वाचकांचे प्रश्न : वर्षानुवर्षांच्या प्रवासनोंदींचं काय करायचं?

पंधरा-वीस वर्षं किंवा त्याहून जास्त काळ नेमाने भटकणाऱ्या आणि भटकंतीबद्दल लिहून ठेवणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. वह्या, फोटो, तिकिटं, जुन्या संगणकावरच्या फायली आणि त्यांतली आता लागू न पडणारी माहिती, असा सगळा ऐवज. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : १९९० पासूनच्या प्रवासाच्या वह्या दोन ट्रंका भरून आहेत. काहींवर साल नाही, काही पानांवर तर 'सकाळी सहाला निघालो' एवढंच. सगळं टाइप करून काढ, असं मुलं म्हणतात. सुरुवात कुठून करू?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : टाइप करण्यापासून सुरुवात करू नका. त्या वाटेने गेलेले बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या वहीत थकतात आणि उरलेल्या वह्या पुन्हा ट्रंकेत जातात. आधी सूची करा.

पहिल्या बैठकीत प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने फक्त क्रमांक घाला. कालक्रम चुकला तरी चालेल, कारण क्रमांक फक्त वही ओळखण्यापुरता आहे. मग एक मोठी फुलस्केप वही घ्या आणि रकाने आखा : वहीचा क्रमांक, पान, तारीख, ठिकाण, तालुका-जिल्हा, सोबत कोण, कशाने गेलो. एका सहलीला एकच ओळ. वाचत बसण्याचा मोह होतो, तो टाळला तर दोनशे पानांची वही दीड-दोन तासांत सूचीत येते. 'सोबत कोण' या रकान्यात पूर्ण नावं लिहा. वहीत नुसतं 'काका आणि शेजारचे' असतं. ते कोण हे आज फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि टाइप करणाऱ्या नातवंडांना ते कुठल्याही वहीत सापडणार नाही.

तारीख नसलेल्या पानांत सणवार शोधा. 'कोजागरीला गडावर होतो' असं असेल आणि साल ठाऊक असेल, तर त्या वर्षीच्या पंचांगावरून तारीख लगेच निघते. साल ठाऊक नसेल, पण तिथी आणि वार दोन्ही लिहिलेले असतील, तर काही वर्षं आपोआप गळतात. अधिक महिन्याचा उल्लेख तर फारच उपयोगी. अधिक श्रावण २००४ मध्ये आला होता आणि त्यानंतर थेट २०२३ मध्ये. नाशिकच्या सिंहस्थाची गर्दी वर्णन केली असेल तर १९९१-९२, २००३ किंवा २०१५ हे पर्याय समोर येतात. एसटीचं भाडं, पेट्रोलचा दर, पुलाचं चालू असलेलं काम, हेही धागे धरावेत. मात्र अशी काढलेली तारीख चौकोनी कंसात लिहा आणि पुढे 'अंदाजे' म्हणा. मूळ वहीत लिहिलेली तारीख आणि नंतर ताडलेली तारीख एकदा मिसळली की पुन्हा वेगळी करता येत नाही.

सूची झाली की पानांचे फोटो काढा. वही खिडकीजवळच्या टेबलावर, मोबाईल पानाला अगदी समांतर, छतावरचा दिवा बंद, कारण त्याची चकाकी शाईवर येते. पान फुगत असेल तर वर काच ठेवू नका, काचेत खिडकीचं प्रतिबिंब पडतं. कडेला दोन पट्ट्या ठेवून दाबा. टाइप करायचंच असेल तर सूचीतून सर्वांत मोलाच्या दहा-बारा सहली निवडा आणि तेवढ्याच करा.

प्रश्न : एसटीची आणि संग्रहालयांची तिकिटं जपून अल्बमात चिकटवली होती. काही अगदी कोरी झाली आहेत. जुनी पंच केलेली तिकिटं मात्र जशीच्या तशी आहेत. असं का?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : जुन्या तिकिटांवर छापखान्याची शाई आहे. मशीनमधून निघणाऱ्या तिकिटांवर शाई नसतेच. त्या कागदाच्या लेपात बिनरंगी रंगद्रव्य आणि त्याला रंग आणणारं रसायन, दोन्ही असतात. मशीनच्या गरम टोकाखाली ती एकत्र येतात आणि अक्षर काळं होतं. हा बदल कायमचा नसतो. ऊन, माळ्यावरची उष्णता, हाताचं तेल, सेलोटेपचा गोंद आणि पीव्हीसी प्लॅस्टिकमधली मऊपणा आणणारी द्रव्यं यांनी तो उलटतो. म्हणजे अल्बमात चिकटवून वर प्लॅस्टिक घालणं हा तिकीट पुसण्याचाच उपाय ठरतो.

उपाय साधा आहे : घरी आल्यावर त्याच आठवड्यात तिकीट स्कॅन करा किंवा साध्या कागदावर झेरॉक्स काढा. झेरॉक्सची काळी पूड कागदावर वितळून बसलेली असते, ती वर्षानुवर्षं टिकते. अस्पष्ट झालेल्या तिकिटाचा स्कॅन घेऊन संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवला तर काही अंक वाचता येतात. इस्त्री फिरवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सगळा कागद काळा होईल.

प्रश्न : चाळीस हजारांवर फोटो आहेत. दोन कॅमेरे, तीन मोबाईल, शिवाय मित्रांनी पाठवलेले. एकाच दिवसाचे फोटो वेगवेगळ्या तारखांना दिसतात. क्रम कसा लावायचा?
— वाचक, नाशिक

उत्तर : फोटोच्या फायलीत तीन निरनिराळ्या तारखा असू शकतात आणि गोंधळ तिथून सुरू होतो. एक, फोटो काढल्याची वेळ, जी कॅमेरा फायलीच्या पोटात नोंदवतो. दोन, फाइल कॉपी झाल्याची तारीख, जी संगणक दाखवतो. तीन, नावात दिसणारी तारीख. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या नावात 'डब्ल्यूए' ही अक्षरं आणि एक तारीख असते, ती फोटो पाठवला गेल्याची असते, काढल्याची नव्हे. शिवाय तिथे फोटो लहान होतो आणि पोटातली माहिती गळून पडते. म्हणून मित्रांकडून फोटो मागताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा. तसे पाठवले की फाइल मूळ स्वरूपात येते.

कॅमेऱ्याचं घड्याळ हा दुसरा घोळ. मोबाईल वेळ स्वतःच दुरुस्त करतो, कॅमेरा तसाच राहतो. नेपाळमध्ये आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढची वेळ आहे, एवढ्या फरकानेही दोन यंत्रांतल्या फोटोंचा क्रम उलटा होतो. यावर खात्रीचा उपाय असा : निघताना प्रत्येक कॅमेऱ्याने मोबाईलवरच्या घड्याळाचा, सेकंद दिसतील असा, एक फोटो काढा. परत आल्यावर त्या फोटोत दिसणारी वेळ आणि कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ यांतला फरक काढला की त्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो तेवढ्याने पुढे-मागे सरकवता येतात. डिजिकॅम या मोफत प्रोग्रॅममध्ये ही सोय आहे. जुन्या सहलींत घड्याळाचा फोटो नसतो, तेव्हा दोन्ही कॅमेऱ्यांत टिपलेला एखादा समान क्षण शोधा : रेल्वे फलाटावरचं घड्याळ, नारळ फुटतानाचा क्षण, एकमेकांचे फोटो काढणारे दोघे. फरक तिथून मिळतो. सरकवण्याआधी सगळ्या फायलींची एक प्रत बाजूला ठेवा.

फोल्डरच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस : '२०१९-०८-१७ हरिश्चंद्रगड पाचनई'. आपण तारीख दिवसापासून लिहितो, पण संगणक डावीकडून अंक लावतो. त्यामुळे २०१९ चा १ डिसेंबर २०१५ च्या २ मार्चच्या आधी जाऊन बसतो. कागदी फोटो स्कॅन केले असतील तर त्यांना स्कॅनच्या दिवसाची तारीख चिकटते, ती बदला. महिना-दिवस माहीत नसेल तर '१९९४-००-००' असं नाव द्या, ते त्या वर्षाच्या सुरुवातीला नीट बसतं.

कुठले ठेवायचे आणि कुठले काढायचे, याबद्दल आमचं मत ठाम आहे. सूर्यास्ताचे वीस फोटो असतील तर दोन ठेवा. पण एसटी स्टँडवरचा वेळापत्रकाचा फलक, खानावळीचा दरफलक, गावाच्या वेशीवरची पाटी, वाट फुटते तिथला दगड, टाक्यातल्या पाण्याची पातळी, मुक्कामाच्या घरातली माणसं, यांतला एकही काढू नका. हे फोटो त्या दिवशी निरुपयोगी वाटतात. वीस वर्षांनी लोक हेच मागतात, कारण सूर्यास्त सगळ्यांकडे असतो आणि २००२ च्या वेळापत्रकाचा फलक कुणाकडेच नसतो.

प्रश्न : १९९९ ते २००७ या काळातले माझे प्रवासलेख संगणकावर आहेत. आता उघडले की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. ते गेले असं समजायचं का?
— वाचक, ठाणे

उत्तर : गेलेले नाहीत. त्या काळी मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. फाइलमध्ये रोमन अक्षरंच साठत आणि फॉन्ट ती मराठीत दाखवत असे. फॉन्ट नसला की उघडी रोमन अक्षरं दिसतात. युनिकोड या आजच्या जागतिक अक्षरसंकेतात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून आजचा मजकूर कुठेही वाचता येतो.

आधी फॉन्ट कोणता ते शोधा. मजकूर निवडला की वर्डमध्ये फॉन्टच्या जागी नाव दिसतं : शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, योगेश वगैरे. प्रत्येकाची मांडणी वेगळी असते, म्हणून रूपांतर करणारा प्रोग्रॅम त्याच फॉन्टचा हवा. जवळच्या दुसऱ्या फॉन्टचा वापरला तर नव्वद टक्के मजकूर बरोबर येतो, आणि तेच घातक, कारण उरलेल्या दहा टक्क्यांकडे लक्ष जात नाही. म्हणून पूर्ण लेख टाकण्याआधी एक परिच्छेद तपासा, त्यात हे शब्द हवेत : किल्ल्यावर, सूर्यास्त, दऱ्या, डोंगराळ, क्षितिज, द्वार, ज्ञानेश्वर.

चुका ठरलेल्या जागी होतात. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे, युनिकोडमध्ये ती नंतर येते, त्यामुळे जोडाक्षरावरची वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. रफार नेमका उलटा : तो जुन्यात शेवटी, नव्यात आधी, म्हणून 'सूर्य'चा 'सूयर्' होतो. 'दऱ्या'चं 'दर्या' होणं सर्वांत फसवं, कारण शब्दतपासणी ते चूक म्हणून दाखवत नाही. अंक, कंस आणि मधले इंग्रजी शब्द हाताने तपासावे लागतात. गडाची उंची आणि भाडी विशेष पाहा.

मूळ फायली रूपांतरानंतरही टाकू नका. त्या फॉन्टसकट एका फोल्डरमध्ये ठेवा. फॉन्ट कुठेच मिळाला नाही आणि लेखाचा छापील कागद असेल, तर कागद स्कॅन करून अक्षरओळख करून घ्या. गूगल ड्राइव्हमध्ये मराठी छापील मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो, स्वच्छ छपाई असेल तर हाताने टाइप करण्याचे कष्ट पुष्कळ वाचतात.

प्रश्न : माझे जुने वाटांचे वर्णन वाचून लोक आजही जातात. त्यातलं बरंच आता बदललं आहे. जुना मजकूर दुरुस्त करावा, काढून टाकावा की तसाच ठेवावा?
— गिर्यारोहक, कोल्हापूर

उत्तर : पत्रांतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. जुना मजकूर तसाच ठेवायचा, पण त्याच्या डोक्यावर तारीख घालून. आणि बदल झाला असेल तर तो स्वतंत्र, तारखेसह, मजकुराच्या वर लिहायचा. खाली लिहिलेली टीप वाटेला लागलेला माणूस वाचत नाही.

पुसून नवं लिहिणं चूक का? केदारनाथचं उदाहरण घ्या. जून २०१३ च्या पुराआधीच्या प्रवासवर्णनांत गौरीकुंडापासून चौदा किलोमीटरची वाट आणि मध्यावर रामबाड्याची वस्ती, तिथली दुकानं, मुक्काम, सगळं आहे. पुरात रामबाडा वाहून गेला. नंतरची वाट तिथून मंदाकिनी ओलांडून पलीकडच्या काठाने चढते आणि अंतरही वाढलं आहे. आज जाणाऱ्याला जुनी वाट सांगणं धोक्याचं आहे. पण जुना मजकूर पुसला तर रामबाडा कसा होता हे सांगणारी एक साक्ष जाते. घराजवळचं उदाहरण इर्शाळगडाचं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्याआधीच्या नोंदींत वाडीतून वर जाणारी वाट आणि वाडीतल्या घरांतलं आदरातिथ्य आहे. ती पानं आता त्या माणसांची आठवण आहेत. ती काढायची नसतात, फक्त वर स्पष्ट लिहायचं असतं की ही २०२३ पूर्वीची नोंद आहे.

कुठली माहिती किती लवकर शिळी होते, याचा अंदाज ठेवून तपासणी करावी. फोन नंबर, जेवणाचे दर, एसटीच्या वेळा एका वर्षातच बदलतात. टाक्यातलं पाणी तर ऋतूनुसार बदलतं, म्हणून 'गडावर पाणी आहे' हे वाक्य निरर्थक. '१२ फेब्रुवारीला दुसऱ्या टाक्यात कमरेएवढं, गाळून पिण्याजोगं' असं हवं. शिड्या, साखळ्या, रेलिंग दर दोन-तीन वर्षांनी पाहावेत. प्रवेशशुल्क आणि मुक्कामाची परवानगी हल्ली वारंवार बदलते, विशेषतः २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांबद्दल (साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी) जुन्या नोंदींवर विसंबू नये. कड्याचा आकार, डोंगरधारेची दिशा, घाटाचा चढ यांना सहसा काही होत नाही.

मग नावं आणि क्रमांक. आशेरी, काळदुर्ग, तांदुळवाडी, कोहोज हे गड जुन्या लिखाणात ठाणे जिल्ह्यात आहेत, १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आले. मुंबई-गोवा महामार्ग १७ चा ६६ झाला, पुणे-सोलापूर ९ चा ६५, पुण्याहून सातारा-कोल्हापूरकडे जाणारा ४ चा ४८. फलकांवर नवे क्रमांक आहेत आणि जुन्या वर्णनात 'चार नंबरचा हायवे सोडा' असं लिहिलेलं असतं, नवखा माणूस तिथेच अडतो. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावं जुन्या मजकुरात तशीच ठेवा आणि पहिल्या उल्लेखापुढे कंसात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर लिहा. शोधणाऱ्याला दोन्ही नावांनी सापडलं पाहिजे.

कधीकधी नव्या रस्त्याने सगळा प्रवासच वेगळा होतो. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून लाहौलमधल्या केलाँगला जायला रोहतांगची खिंड चढावी लागत नाही. त्याआधीच्या लेखातलं 'पहाटे तीनला निघा, खिंडीत गाड्यांची रांग लागते' हे आता लाहौलला जाणाऱ्याला लागू नाही, पण रोहतांग पाहायलाच जाणाऱ्याला अजून उपयोगाचं आहे. असा लेख दुरुस्त करण्यात अर्थ नाही. नवा लिहा आणि दोघांत एकमेकांचा उल्लेख ठेवा.

वर्षातून एक आठवडा या कामासाठी ठरवून ठेवा, गणपतीनंतरचा बरा, कारण पुढे ट्रेकचा हंगाम सुरू होतो. सगळं तपासणं शक्य नसतं. सर्वांत जास्त वाचले जाणारे दहा मजकूर आणि ज्यांत जीवाला धोका संभवतो ते सगळे, एवढे घ्या. ज्या ठिकाणी पुन्हा गेलेला नाहीत तिथे ऐकीव बदल लिहायचा असेल तर 'गावकऱ्यांकडून कळलं, अमुक महिना' असं म्हणा.

प्रश्न : कळसूबाईची उंची सगळीकडे १६४६ मीटर दिलेली आहे. माझा मोबाईल शिखरावर १५८० च्या आसपास दाखवतो. मोबाईल बिघडला आहे का?
— वाचक, पुणे

उत्तर : मोबाईल ठीक आहे, तो दुसऱ्या पातळीपासून मोजतो आहे. उपग्रहांवरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत लंबगोलापासून असते. नकाशातली उंची सरासरी समुद्रसपाटीपासून असते. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसल्यामुळे आपल्याकडे समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या बरीच खाली येते, सह्याद्रीच्या पट्ट्यात सुमारे साठ-सत्तर मीटर. काही ॲप हा फरक भरून काढतात, काही काढत नाहीत. तुमचं कोणत्या प्रकारचं आहे हे पाहायला अलिबाग किंवा गणपतीपुळ्याच्या वाळूत उभं राहा. तिथे उणे साठच्या आसपास आकडा आला तर ते फरक भरून काढत नाही. समुद्र लांब असेल तर रेल्वे स्टेशनवरच्या पिवळ्या पाटीखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तिच्याशी ताडून पाहा.

हवेच्या दाबावर चालणारं घड्याळ वापरत असाल तर दर आठ-नऊ मीटरला एक मिलिबार दाब उतरतो, या हिशेबाने ते उंची सांगतं. पावसाळ्यात हवामान पालटलं की दाब बसल्या जागी तीन-चार मिलिबारने उतरतो, आणि मुक्कामात तुमचा तंबू तीस मीटर वर गेल्यासारखा दिसतो. सकाळी निघताना पायथ्याची माहीत असलेली उंची भरून घ्या. मोबाईलवर उपग्रहांच्या आधारे वाटेची रेघ नोंदवताना दर पाच ते दहा सेकंदांनी एक बिंदू पुरतो. दर सेकंदाला घेतला तर थांबलेलं असतानाही रेघ इकडेतिकडे उड्या मारते आणि एकूण चढाई फुगते. नोंदीत आकडा लिहाल तेव्हा तो कशाने मोजला हेही लिहा.

प्रश्न : गडावर गावकरी वेगवेगळ्या कथा सांगतात. त्या लिहाव्यात की फक्त पुराव्याचं लिहावं?
— वाचक, बदलापूर

उत्तर : दोन्ही लिहा, पण एका परिच्छेदात नको. कथा कुणाकडून ऐकली (नाव नको असेल तर 'पायथ्याच्या वाडीतले वयस्क गुराखी' एवढं पुरे), कधी ऐकली, हे द्या. ऐतिहासिक माहितीसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे खंड पाहा. ते १८८० च्या दशकातले आहेत : ठाणे तेरावा, नाशिक सोळावा, पुणे अठरावा, सातारा एकोणिसावा. त्यांत गडांच्या तेव्हाच्या अवस्थेची, दारांची, टाक्यांची वर्णनं आहेत. उंची फुटांत आहे, ०.३०४८ ने गुणा. इतिहासाबद्दलची त्यांतली विधानं मात्र पुढच्या संशोधनाशी ताडूनच घ्यावीत.

शिलालेख दिसला तर त्यावर खडू, पीठ, तेल काहीही लावू नका. दगड खराब होतो, आणि संरक्षित स्मारकाची हानी केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना फोटो काढा. सावलीत असेल तर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा, दहा-पंधरा अंशांच्या कोनात. अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि समोरून न दिसणारा मजकूर उठून येतो. चारही बाजूंनी प्रकाश टाकून चार फोटो घ्या, कारण प्रकाशाच्या दिशेने गेलेली रेघ दिसत नाही. बाजूला मोजपट्टी धरून एक वेगळा.

प्रश्न : अल्बमांना बुरशी लागली. 'मॅग्नेटिक' पानांचे अल्बम आहेत, फोटो सुटतही नाहीत. कोकणात काय करावं?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : बुरशी हवेतल्या ओलाव्यावर वाढते. आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिली की ती जोर धरते, आणि जून ते सप्टेंबर तुमच्याकडे ती त्याच्या वरच असते. आधी अल्बम उघडा ठेवून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर कोरडा होऊ द्या. ओल्या बुरशीला हात लावला तर ती पसरते. वाळली की घराबाहेर, नाकाला मास्क लावून, मऊ ब्रशने झाडा. ओलं फडकं नको.

'मॅग्नेटिक' पानावर प्रत्यक्षात गोंदाच्या रेघा असतात, वर्षांनी त्या कडक होऊन पिवळ्या पडतात. फोटो सोडवण्याआधी आहे त्या स्थितीत प्रत्येक पानाचा फोटो काढा, म्हणजे क्रम आणि बाजूच्या ओळी राहतील. मग दातांत घालायचा धागा, डेंटल फ्लॉस, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवून करवतीसारखा हळू ओढत न्या. फोटो वाकवू नका, थर तडकतो. पुराच्या पाण्याने लॅबमध्ये छापलेले दोन फोटो एकमेकांना चिकटले असतील तर साध्या स्वच्छ पाण्यात अर्धा तास ठेवल्यावर ते बहुधा सुटतात. घरच्या इंकजेट प्रिंटरवरच्या फोटोंना हा उपाय चालत नाही, शाई विरघळते.

नंतर ठेवायला झाकण घट्ट बसणारा डबा, वीस लिटरच्या डब्याला दीडशे ग्रॅमच्या आसपास सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे मणी. निळे मणी गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला पाहावे लागतात. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, न्हाणीघराच्या भिंतीशी तर नकोच. डांबरगोळ्या फोटोंच्या डब्यात घालू नका, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडून फोटोला चिकटतं. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहिलं की पुढून उमटतं, आणि लॅबच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल धरत नाही. टिकाऊ पिगमेंट शाईचं पेन घ्या, कडेला लिहा, आणि पूर्ण वाळेपर्यंत फोटो एकावर एक ठेवू नका.

प्रश्न : सगळं एका हार्ड डिस्कवर आणि एका ईमेल खात्याच्या साठवणीत आहे. पुरेसं आहे का?
— वाचक, बंगळुरू

उत्तर : नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या घरात. दुसरं घर म्हणजे गावचं घर किंवा बहिणीचं. दिवाळीला जाताना नवी डिस्क न्या आणि जुनी घेऊन या. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही ने-आण करण्यासाठी आहेत, साठवणीसाठी नाहीत. घरी लिहिलेल्या जुन्या सीडी-डीव्हीडी असतील तर त्यांतलं आजच उतरवून घ्या, त्यांचा रंगथर उडतो आणि वाचणारी यंत्रंही आता दुर्मीळ आहेत. उतरवल्यावर अधूनमधून काही फायली प्रत्यक्ष उघडून पाहा. नावं दिसतात म्हणून आत मजकूर शाबूत आहे असं होत नाही. गूगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते काढून टाकलं जाऊ शकतं. आपल्यामागे ते कुणाला उघडता यावं हे त्याच खात्याच्या सेटिंगमध्ये नोंदवता येतं. घरातल्या एका माणसाचं नाव तिथे द्या आणि त्या माणसाला तसं सांगूनही ठेवा.

प्रश्न : मुळशीच्या बाजूला एक धबधबा आहे, फारसा कुणाला ठाऊक नाही. त्याचं नेमकं ठिकाण लिहावं का?
— वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : आमच्या मते नाही, निदान पावसाळ्यात तरी नाही. नेमका बिंदू दिला की लोक वाट न शिकता थेट पाण्याच्या तोंडाशी पोचतात. वर डोंगरात पाऊस झाला की ओढा किती वेळात फुगतो, उतारासाठी दुसरी वाट कोणती, हे त्यांना ठाऊक नसतं, आणि बाहेर काढायला धावावं लागतं ते खालच्या वाडीतल्या माणसांना. आधी वाडीत विचारा. त्यांना येणारे लोक हवे असतील, तर वाडीचं नाव लिहा आणि 'वाटाड्या वाडीतून घ्या' एवढंच सांगा. गिधाडांची घरटी, वटवाघळांच्या गुहा आणि दुर्मीळ ऑर्किडच्या जागा मात्र कुठल्याच ऋतूत लिहू नका. तुमच्या स्वतःच्या वहीत सगळं नेमकं नोंदवा. प्रसिद्ध करताना फोटोच्या पोटातलं ठिकाण काढायला विसरू नका.

प्रश्न : पावसात लिहायला कोणतं पेन चांगलं?
— विद्यार्थिनी, कराड

उत्तर : पेन्सिल. साधी एचबी, दोन्ही टोकांना तासलेली, दोऱ्याने वहीला बांधलेली. तिच्या शिशाला पाण्याने आणि उन्हाने काही होत नाही, ओलसर कागदावरही ती उमटते. जेल पेनची शाई बहुधा पाण्यात पसरते, बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही. वही खिशात मावेल अशी, शिवलेली घ्या. स्पायरलची पानं ओली झाली की भोकांपाशी फाटतात. जाड झिपलॉक पिशवीत वही ठेवा आणि लिहिताना हात पिशवीच्या आत घालून लिहा.